नॉमिनी म्हणजे मालक नव्हे!



आपल्यातला एखादा कामगार गेला की आपण सर्वजण धावून जातो. खांदा देतो, वर्गणी काढतो, शोकसभेत दोन मिनिटे उभे राहतो. हे आपण चांगले करतो आणि पुढेही करीत राहू. पण तेराव्यानंतर त्या घरच्यांचा दुसरा प्रवास सुरू होतो, आणि त्यात आपण फारसे बरोबर नसतो. कपाटातून एक पिशवी निघते. तिच्यात बँकेची पासबुके, पोस्टाची प्रमाणपत्रे, विम्याची पॉलिसी आणि पेन्शनचे कागद असतात. एका खिडकीवर विचारतात, "नॉमिनी कोण?" दुसऱ्या खिडकीवर सांगतात, "कोर्टाचे सर्टिफिकेट आणा." शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे ऐकत मोठी झालेली आपली मुले तिथेच गांगरतात.

या दुसऱ्या प्रवासावर आज लिहिण्याचे कारण खातीपुऱ्यात घडलेली एक गोष्ट आहे. तिच्यात चूक आमचीही होती. म्हणून ती आधी सांगतो.

खातीपुरा हे जयपूर शहराच्या पूर्व अंगाला, दिल्लीकडे जाणाऱ्या मार्गावरचे स्थानक. जयपूर जंक्शनवरचा भार हलका व्हावा म्हणून अलीकडे ते वाढवण्यात आले. येथे मराठी माणूस कुठून आला, असे कोणी विचारील. १ ऑक्टोबर २००२ रोजी उत्तर पश्चिम रेल्वे सुरू झाली. त्याआधी जयपूर विभाग पश्चिम रेल्वेत होता, म्हणजे त्याचा कारभार चर्चगेटहून चालत असे. त्या काळात बदलीने इकडे आलेल्या काही मराठी घरांनी पुढे इथेच बस्तान बसवले. मुले हिंदी शाळेत शिकली, घरात भाकरीच्या जोडीला बाजरीची रोटी आली, पण गावाकडची शेती, गावाकडचे पोस्ट आणि गावाकडची नाती सुटली नाहीत.

अशाच एका घरातले, मूळचे नंदुरबारकडचे, आमचे एक निवृत्त सभासद वारले. पत्नी त्यांच्या आधीच गेलेली. मागे दोन मुलगे आणि धुळ्याला दिलेली एक मुलगी. मोठी रक्कम जयपूरच्या एका बँकेत मुदत ठेवीत होती. तिथे नॉमिनी म्हणून पत्नीचे नाव होते. पत्नी गेल्यावर ते बदलायचे राहून गेले. पोस्टातल्या ठेवीला थोरल्या मुलाचे नाव होते.

थोरला मुलगा आमच्या कार्यालयात आला. "साहेब, पोस्टाच्या पैशाचे काय करू?" त्याला उत्तर मिळाले, "नॉमिनी तू आहेस ना? मग पैसे तुझे." हे वाक्य आमच्याच खुर्चीवरून गेले. त्याने पैसे काढले आणि घराच्या दुरुस्तीला लावले. राखीला बहीण आली. तिने हिशेब विचारला. त्याने उत्तर दिले, "युनियनने सांगितले." त्या दिवसापासून भावाबहिणीचे बोलणे बंद झाले.

बंधूंनो, युनियनने सांगितले ते चूक होते. अर्धवट माहितीने दिलेला सल्ला एका घरात भिंत उभी करतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

कायदा काय सांगतो?

नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेणारा माणूस. बँक, पोस्ट किंवा कंपनी त्याला पैसे देऊन आपल्या जबाबदारीतून मोकळी होते. पुढे ते पैसे वारसांचे असतात. नॉमिनी स्वतः वारस असेल तर त्याला त्याचा हिस्सा मिळतो, सगळे मिळत नाही.

हे आमचे मत नव्हे. आयुर्विम्याच्या पॉलिसीबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८३ मध्ये सरबती देवी खटल्यात हेच सांगितले. राष्ट्रीय बचत पत्रांबाबत, म्हणजे आपल्या पोस्टाच्या एनएससीबाबत, २००० साली खानचंदानी खटल्यात हाच निर्णय झाला.

तिसरा निर्णय तर प्रत्येक मराठी घराच्या भिंतीजवळचा आहे. 'कालनिर्णय' आपल्या सर्वांच्या घरी असते. ते १९७३ साली सुरू करणारे जयंतराव साळगावकर २०१३ मध्ये वारले. त्यांनी २०११ साली मृत्युपत्र केलेले होते. काही म्युच्युअल फंडांत नॉमिनींची नावेही होती. कंपनी कायद्यातल्या शब्दांमुळे नॉमिनीच मालक होतो की मृत्युपत्र व वारसा कायदा चालतो, हा वाद न्यायालयात गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २०१० साली दुसऱ्या एका खटल्यात शेअर्सचा नॉमिनी मालक होतो असे म्हटले होते. साळगावकर प्रकरणात खंडपीठाने २०१६ साली ते मत मान्य केले नाही. १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले की, नॉमिनी केल्याने वारसा बदलत नाही. मृत्युपत्र केलेल्या जाणत्या माणसाच्या घरातही हा प्रश्न सुटायला दहा वर्षे लागली. मग आपल्या गँगमनच्या, पोस्टमनच्या घरी काय होत असेल?

विम्याच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०१५ साली विमा कायद्याचे कलम ३९ बदलले. आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर त्यांना रकमेवर लाभाचा हक्क देणारी तरतूद त्यात आली. पण तिचा नेमका अर्थ काय, यावर उच्च न्यायालयांनी वेगवेगळी मते दिली आहेत. तेव्हा विम्यातही नॉमिनीच्या भरवशावर भांडण ओढवून घेऊ नये.

वारस कोण?

हिंदू वारसा कायदा १९५६ साली आला. तो हिंदूंबरोबरच बौद्ध, जैन आणि शीख बांधवांनाही लागू आहे. पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर त्याच्या स्वतःच्या कमाईवर पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई यांचा सारखा हक्क असतो. मुलगा किंवा मुलगी आधीच वारली असेल तर तिच्या मुलाबाळांना तो हिस्सा जातो. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी बांधवांना त्यांचे त्यांचे नियम आहेत.

यात दोन माणसे आपण नेहमी विसरतो. एक, गावाकडे असलेली म्हातारी आई. नोकरीत असताना कामगार वारला तर सूनबाईच्या बरोबरीने त्या आईचाही हिस्सा असतो. दुसरी, लग्न झालेली मुलगी. "तिचे लग्न केले, दिले-घेतले, आता तिचे काय?" हे वाक्य आपल्या सभासदांच्या तोंडीही असते. कायद्यात त्याला जागा नाही. बापाच्या कमाईत मुलीचा वाटा १९५६ पासून आहे. तिने राजीखुशीने सोडला तर तो तिचा मोठेपणा. पण साडीचोळी पुढे करून, न वाचलेल्या कागदावर तिची सही घेणे याला आम्ही मोठेपणा म्हणणार नाही. समान कामाला समान दाम मागणाऱ्या संघटनेने घरातल्या समान वाट्यावर गप्प बसू नये.

काय वारसाहक्कात येत नाही?

रेल्वे व पोस्टातल्या माणसाने हे नीट समजून घ्यावे. कौटुंबिक निवृत्तिवेतन, म्हणजे फॅमिली पेन्शन, ही मृताची मालमत्ता नसते. एका रेल्वे कर्मचाऱ्याच्या पत्नीचे, व्हायोलेट आयझॅक यांचे, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मृताच्या भावाने मृत्युपत्राच्या आधारे हक्क सांगितला होता. १९९१ साली न्यायालयाने स्पष्ट केले की, फॅमिली पेन्शन नियमांनी ठरवलेल्या कुटुंबीयांनाच मिळते. कर्मचाऱ्याला ती मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येत नाही. म्हणून फॅमिली पेन्शनसाठी कोणी कोर्टाचा उंबरठा झिजवू नये. तिथे लागते ती कार्यालयाच्या दप्तरात कुटुंबाची नोंद. पत्नीचे नाव, जन्मतारीख, मुलांची नावे आणि घरात अपंग मूल असेल तर त्याची स्वतंत्र नोंद हयातीतच करून घ्यावी. विधवा किंवा घटस्फोटित मुलगीही नियमांच्या अटींत बसल्यास पात्र ठरते, हे अनेकांना ठाऊक नसते.

ग्रॅच्युइटी, भविष्यनिर्वाह निधी आणि गटविमा यांचेही आपापले नियम व आपापले नामनिर्देशन अर्ज आहेत. एक अर्ज भरला की सगळे झाले, असे नाही. १ जानेवारी २००४ पासून नव्या पेन्शन योजनेत लागलेल्या तरुणांनी आपल्या पेन्शन खात्यावरचे नॉमिनीचे नाव वेगळे तपासावे.

कोर्टाचे सर्टिफिकेट म्हणजे काय?

सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे उत्तराधिकार प्रमाणपत्र, १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार मिळते. ते ठेवी, येणी, शेअर्स, रोखे यांच्यासाठी असते. घर आणि जमीन त्यात येत नाही. सातबारावर वारस नोंद लावायला तलाठ्याकडे जावे लागते. तो मार्ग निराळा. तहसील कचेरीतून मिळणारा वारसाचा दाखला काही ठिकाणी चालतो, पण तो कोर्टाच्या प्रमाणपत्राची जागा घेत नाही.

अर्ज कुठे करायचा? येथेच खातीपुऱ्याच्या मुलांचे दोन महिने वाया गेले. मूळ गाव नंदुरबारकडे, म्हणून ते तिकडच्या कोर्टात चौकशीला गेले. कायदा म्हणतो, मरणाच्या वेळी माणूस नेहमी जिथे राहत होता तिथल्या जिल्हा न्यायालयात अर्ज करावा. म्हणजे जयपूरला. मात्र एकदा मिळालेले प्रमाणपत्र साऱ्या देशात चालते. जयपूरच्या प्रमाणपत्रावर नंदुरबारच्या पोस्टातले पैसे मिळू शकतात, फक्त त्या रकमेचा उल्लेख प्रमाणपत्राच्या यादीत हवा. महाराष्ट्रात १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखालीही वारस दाखला मिळतो. परराज्यातल्या बांधवांनी त्याच्या मागे न लागता आपल्या राहत्या जिल्ह्यात अर्ज करावा.

अर्जात मृत्यूची तारीख, राहण्याचे ठिकाण, सर्व जवळच्या नातेवाइकांची नावे व पत्ते, आपला हक्क कशाने आहे ते, आणि प्रत्येक खात्याचा व रोख्याचा तपशील द्यावा लागतो. कोर्ट सुनावणीची तारीख नेमते आणि नोटीस काढते. बहुधा वर्तमानपत्रातही नोटीस द्यावी लागते. कोणाची हरकत आली नाही तर काम सरळ होते. हरकत आली तर वेळ लागतो. फी राज्याराज्यात वेगळी असते आणि रकमेवर ठरते. कोर्ट जामीन कागदही मागू शकते. एखादे खाते यादीत राहून गेले तर प्रमाणपत्र वाढवून घेण्याची सोय आहे, घाबरू नये. पण एखाद्या वारसाचे नाव मुद्दाम लपवले तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. बहिणीचे नाव गाळण्याचा सल्ला देणारा माणूस आपला हितचिंतक नव्हे, मग तो वकील असो की काका.

आणि हेही लक्षात ठेवा की प्रमाणपत्र ज्याच्या नावाने निघते तोसुद्धा इतर वारसांच्या वतीने पैसे घेतो. बँक त्याला पैसे देऊन सुटते. तो आपल्या भावंडांपासून सुटत नाही. मृत्युपत्र सापडले असेल तर अर्जाआधी ते वकिलाला दाखवावे, कारण मग मार्ग बदलू शकतो.

प्रत्येक वेळी कोर्ट लागते का?

नाही. नॉमिनी हयात असेल तर बँकेने किंवा पोस्टाने नॉमिनीला पैसे देताना उत्तराधिकार प्रमाणपत्र मागण्याचे कारण नाही. "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो" अशा संयुक्त खात्यालाही तेच लागू.

नॉमिनी नसेल तरी लहान रकमांना सवलत आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये मृत खातेदारांच्या दाव्यांबाबत नवे निर्देश काढले आणि ३१ मार्च २०२६ पर्यंत ते अमलात आणण्यास बँकांना सांगितले. वाद नसेल तर व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत साध्या कागदांवर, हमीपत्र घेऊन दावा निकाली काढायचा आहे. सर्व कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत निकाल द्यायचा आणि बँकेमुळे उशीर झाला तर भरपाई द्यायची. पोस्टाच्या २०१८ च्या नियमांत नॉमिनी नसलेल्या खात्यांसाठी ५ लाखांपर्यंत अशी सोय आहे, पण त्यासाठी मृत्यूनंतर सहा महिने जावे लागतात. सरकारी काम, सहा महिने थांब, ही म्हण येथे नियमातच उतरली आहे!

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चारपर्यंत नॉमिनी करता येतात आणि कोणाला किती टक्के हेही लिहिता येते. एकाच मुलाच्या नावावर सगळे टाकण्याची आता गरज राहिलेली नाही.

एखादे खाते दहा वर्षे पडून राहिले तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. तरी हक्क बुडत नाही. बँकेकडे मागणी करता येते. अशी खाती शोधण्यासाठी २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचे 'उद्गम' हे पोर्टल आहे. मोबाइल हाताळणाऱ्या नातवाला सांगून आजोबांचे नाव एकदा त्यात शोधावे.

आता आपण काय करायचे?

पहिले काम प्रत्येकाने घरी करायचे. येत्या सुट्टीच्या दिवशी ती पिशवी खाली काढा. कोणते खाते कुठे, नॉमिनी कोण, तो हयात आहे का, हे एका कागदावर लिहा. लग्न झाले, मूल झाले, नॉमिनी वारला, तर नाव बदला. तो कागद पत्नीला आणि मुलामुलींना सर्वांना दाखवा. आपल्याकडे बाप जिवंत असताना पैशाचे बोलणे अशुभ मानतात. आम्ही म्हणतो, बाप गेल्यावर मुलांनी कोर्टात उभे राहणे याहून अशुभ काय? वाटणी आपल्या मनाप्रमाणे व्हावी असे वाटत असेल तर मृत्युपत्र करा. त्याला आपली सही आणि दोन साक्षीदार लागतात. साक्षीदार शक्यतो हिस्सेदारांबाहेरचे घ्यावेत.

दुसरे काम शाखांचे. प्रत्येक शाखेने वर्षातून एकदा नामनिर्देशन पंधरवडा पाळावा. पर्सनल शाखेतून सर्व अर्ज आणून ते लॉबीत, शेडमध्ये, स्टेशनवर भरून घ्यावेत आणि पोच घ्यावी. वेल्फेअर इन्स्पेक्टरला बरोबर घ्यावे. निवृत्तांना विसरू नये; त्यांचेच नॉमिनी जास्त करून वारलेले असतात. पदाधिकाऱ्याने कोणत्याही वारसाला "पैसे तुझे" असे सांगू नये. सर्व वारसांना एकत्र बसवावे आणि सर्वांच्या सहीनेच कागद पुढे पाठवावा. युनियन मृत सभासदाची होती, म्हणजे ती त्याच्या सर्व मुलांची आहे.

तिसरे काम पोस्टातल्या बांधवांचे. तुम्ही खिडकीच्या दोन्ही बाजूंना उभे असता. आज दुसऱ्याची विधवा समोर असते, उद्या आपली मुले तिथे असतील. नियमाबाहेर जाऊन काही करा असे आम्ही सांगत नाही. पण पहिल्याच फेरीत सर्व कागदांची यादी लिहून दिली तर त्या बाईच्या चार फेऱ्या वाचतात. यासाठी कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहायला नको.

चौथे, प्रशासनाकडे आमची मागणी आहे. निवृत्तीच्या दिवशी जसे हिशेबाचे कागद हाती देता, तसे सर्व नामनिर्देशनांची एक प्रत कामगाराच्या हाती द्या. आणि मृत्यूनंतर देणी मागायला येणाऱ्या घरासाठी एकच टेबल ठेवा. तीस-पस्तीस वर्षे ज्याने गाडी चालती ठेवली, त्याच्या मुलांनी सात टेबले का हिंडावीत?

शेवटी खातीपुऱ्याच्या घराबद्दल. आम्ही थोरल्या मुलाकडे गेलो आणि चूक आमची होती हे सांगितले. धुळ्याला बहिणीलाही फोन केला. तिघे भावंडे एकत्र बसली. पोस्टाच्या पैशाचा हिशेब लिहून काढला आणि बहिणीचा व धाकट्याचा हिस्सा बँकेच्या रकमेतून पुरा करायचे ठरले. तिघांनी मिळून जयपूरच्या न्यायालयात अर्ज केला. हरकत कोणाचीच नव्हती, तरी प्रमाणपत्र हाती यायला जवळजवळ वर्ष लागले. पैसे मिळाले. पुढच्या राखीला बहीण खातीपुऱ्याला आली, हे आम्हांला पैशांहून मोलाचे वाटले. पण आईचे निधन झाले तेव्हा बापाने बँकेत जाऊन एक अर्ज भरला असता आणि आमच्या कार्यालयातून एक वाक्य चुकीचे गेले नसते, तर हे वर्ष त्या घराचे वाचले असते.

आपण पगारासाठी लढतो, बोनससाठी लढतो, पेन्शनसाठी लढतो. लढून मिळवलेला पैसा आपल्या माघारी योग्य हातांत, योग्य वाट्याने पोहोचावा, हाही त्याच लढ्याचा भाग आहे. तो कागद या महिन्यात भरा.

कामगार एकजुटीचा विजय असो!